दारामागचा रेडिओ

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास मी त्या घरासमोर गाडी उभी करीत असे. माझ्या गाडीत रेडिओवरचा माणूस बोलत असे. तोच माणूस त्या घरातही बोलत असे. पण तिथे तो अर्धे मिनिट पुढे असे. गाडीतल्या माणसाने जे वाक्य अजून उच्चारलेले नाही, ते बंद दारामागून मला आधी ऐकू येई. मग गाडीत येऊन बसलो की तेच वाक्य, तोच खाकरा, तेच हसू पुन्हा ऐकावे लागे.

यात गूढ काही नव्हते. माझ्या गाडीत तो कार्यक्रम फोनवरून येई, आणि इंटरनेटवरून येणारा आवाज उशिरा पोचतो. त्या घरात जुना, थेट हवेतून आवाज पकडणारा रेडिओ होता. मी इंजिनिअर आहे. कारण मला पहिल्याच दिवशी कळले होते. तरी त्या कारणाची सवय व्हायला फार दिवस लागले.

मी टेक्ससमध्ये, प्लेनोत राहतो. आयुष्यभर पुलांची तपासणी केली. हमरस्त्यांवरच्या पुलांखाली उभे राहून काँक्रीटवर हातोडी मारायची आणि आवाज ऐकायचा, हे माझे काम. भरीव काँक्रीट टणक वाजते, आतून सुटलेले पोकळ वाजते. भेग आज कुठे आहे यापेक्षा ती कोणत्या दिशेने सरकते आहे हे पाहायचे असते. हाताखालच्या इंजिनिअरांना मी हे अनेकदा ऐकवले आहे. इथे ते मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जे घडले त्यात मला अज्ञानाची सबब नाही.

निवृत्तीनंतर सकाळी नऊ ते बारा चालणारा हा कार्यक्रम मी रोज ऐकू लागलो. कार्यक्रम उजव्या विचारांचा आहे. माझी मतेही बहुतेक त्याच बाजूची आहेत. त्यांबद्दल मी मुलीशी वाद घालतो, क्षमा मागत नाही. निवेदकाचा आवाज खरखरीत आहे. ऑस्टिनमधल्या विधिमंडळात काय चालले आहे, कोणत्या समितीने कोणते विधेयक अडवले, शाळेचा निर्णय पालकांनी घ्यावा की राज्याने, यावर तो बोलतो. त्याची सगळी मते मला पटत नाहीत. पण तो सुरू केलेले वाक्य पूर्ण करतो, आणि राजकारणावर बोलणाऱ्यांत हे फारसे आढळत नाही.

माझ्या पत्नीला हे सर्व असह्य होई. "झालं का तुमच्या बुवांचं कीर्तन सुरू?" असे म्हणून ती स्वयंपाकघरातून उठून जाई. शुक्रवारी मात्र शेवटच्या तासाला ती भाजी निवडत माझ्याजवळ येऊन बसे. "शुक्रवारी बुवा माणसात येतात," ती म्हणे, "तेवढं ऐकते."

शुक्रवारचा शेवटचा तास शेजाऱ्यांसाठी राखलेला असे. कुणाच्या घरापुढे चाकाच्या खुर्चीसाठी उतरण बांधून हवी असे, कुणाचे गवत कापायचे राहिलेले असे, कुणाला डॉक्टरकडे नेणारे कुणी नसे. ऐकणारे फोन करून गरज सांगत आणि दुसरे ऐकणारे फोन करून ती उचलत. नावे घ्यायची नाहीत, असा नियम होता. पत्ते रेडिओ केंद्रातली एक बाई टिपून घेई आणि दोन्ही बाजू जुळवून देई. निवेदकाचे म्हणणे एवढेच असे, की सरकारी कचेरीची पायरी चढण्याआधी शेजाऱ्याचे दार वाजवून पाहा. मला ते पटे. मी मान हलवून पुन्हा वर्तमानपत्रात शिरत असे. पत्नीने मात्र मला न विचारता फोन केला आणि एका घराला दर शुक्रवारी जेवण पोचवायचे काम उचलले.

तिच्या वाट्याला आलेले घर पूर्वेकडच्या जुन्या भागात होते. एकमजली, विटांचे, अंगणात पेकनचे मोठे झाड. आत एक वृद्ध विधवा एकटी राहत होती. ती दार उघडत नसे. ही तिची अट होती आणि केंद्राने ती मान्य केली होती. दाराच्या तळाशी कुत्र्यासाठी केलेली झुलती झडप होती. कुत्रा कधीच मेलेला होता. जेवण त्या झडपेतून आत सरकवायचे आणि निघून यायचे. पत्नी मऊ भात, बिनतिखटाची आमटी, कधी मुगाची खिचडी असे काही एका पसरट स्टीलच्या डब्यातून नेई. पुढच्या शुक्रवारी तो डबा धुतलेला, पायरीवर ठेवलेला असे, आणि त्यात मूठभर पेकन असत. अक्रोडाच्या जातीचे ते फळ आमच्या ओट्यावर सदैव पडलेले असे. आठवड्याच्या इतर काही दिवशी चर्चची माणसे त्याच झडपेतून काही ना काही सरकवून जात. झडप सर्वांना ठाऊक होती. दार कुणालाच ठाऊक नव्हते.

पत्नी शरद ऋतूत गेली. तिच्या तेराव्यानंतरच्या शुक्रवारी मी खिचडी टाकली आणि तो डबा घेऊन निघालो. शब्द तिने दिला होता. तो माझ्यावर आला, एवढेच. ती गेल्याचे मी चिठ्ठी लिहून त्या बाईंना कळवले नाही. कळवावे असे वाटलेही नाही.

तीन-चार आठवडे डब्यात पेकन आले. मग थंडी पडली आणि एका शुक्रवारी पायरीवरचा डबा उचलला तर तो हलका लागला. झाकण काढले. आत काही नव्हते.

आमच्या घरी कुणाचे भांडे रिकामे परत पाठवत नाहीत. दुसरे काही नसेल तर साखरेची चिमूट घालतात. ही रीत मी आईकडून घेतली आणि पत्नीने ती या देशात, गोऱ्या शेजाऱ्यांच्या काचेच्या भांड्यांनाही लावली. तो रिकामा डबा पाहून मला राग आला. पत्नी गेली आणि तिच्या डब्याचा मान गेला, असे काहीतरी त्या वेळी मनात आले असावे. मी गाडीतला कागद घेतला आणि इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या. मराठीत सांगायचे तर: "आमच्या घरी भांडे रिकामे परत जात नाही. फार काही नको. एखादे पान चालेल." तो कागद भरलेल्या डब्यावर ठेवून मी झडपेतून आत सरकवला.

त्या दिवशी आतला रेडिओ दूर होता. घराच्या मागच्या बाजूला, बहुधा स्वयंपाकघरात.

पुढच्या शुक्रवारी डब्यात कपडे वाळत घालण्याचा लाकडी चिमटा होता. त्यानंतर चहाची एक पुडी. मग फ्रिजवर चिकटवायचे, टेक्ससच्या नकाशाच्या आकाराचे चुंबक. मी समाधान पावलो. बाईंना रीत समजली होती. पेकनसारखे त्याचे काही करता येण्याजोगे नव्हते, म्हणून घरी एका ताटात मी त्या वस्तू आल्या त्या क्रमाने मांडून ठेवू लागलो. क्रम लावणे ही माझी जुनी खोड.

मग शिवताना बोटात घालायचे अंगुस्तान आले. मग टीव्हीच्या रिमोटच्या पाठीचे झाकण. मला ते विचित्र वाटले. पण म्हातारपणी माणसे विचित्र होतात, हे मी आरशात पाहतो. त्याच सुमारास माझ्या लक्षात आले, की रेडिओ पुढच्या खोलीत आला आहे. शब्द स्पष्ट ऐकू येत होते. डबा आत सरकवल्यावर मी पायरीवर जरा रेंगाळू लागलो. त्यांनी तो माझ्यासाठी पुढे आणून ठेवला असावा, अशी माझी समजूत झाली. शुक्रवारी तेवढाच वेळ मी कुणाबरोबर तरी रेडिओ ऐकत होतो. मध्ये बंद दार होते, पण आमच्या घरीही शेवटी शेवटी आम्ही फार बोलत नव्हतो.

फेब्रुवारीत विधिमंडळात एक विधेयक आले. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी, कुणी कळवल्यास, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, अधिकाऱ्याने जाऊन आत पाहावे, आणि दार न उघडल्यास ते उघडून घ्यावे, असा त्याचा आशय होता. निवेदकाने त्यावर आठवडाभर हल्ला चढवला. मीही फोन केला. बराच वेळ रांगेत थांबलो. माझी पाळी आल्यावर म्हणालो, की राज्याची हद्द माणसाच्या उंबरठ्यापाशी संपते. आज वृद्धाचे दार उघडाल, उद्या सर्वांचे. "वेल सेड, प्लेनोचे मित्र," तो म्हणाला. मी फोन ठेवला.

माझ्यानंतर एका बाईचा फोन लागला. आवाज बारीक पण ताठ होता.

"मी नव्वदीला टेकले आहे," ती म्हणाली. "माझ्याकडे दर शुक्रवारी स्टीलच्या डब्यात जेवण येतं. आणणाऱ्यानं मला कधी बघितलेलं नाही आणि मी त्याला नाही. असंच असावं."

"आणि उद्या काही झालं तर, मॅडम?" निवेदकाने विचारले.

"कुणीतरी मला सांभाळण्यापेक्षा मी घरात मेलेली सापडलेली बरी."

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हात आपटून "बरोबर!" असे मोठ्याने म्हणालो. घरात कुणी नव्हते.

मुलगी दुसऱ्या राज्यात, रेडमंडला असते. हॉस्पिटलात नर्स आहे. रविवारी तिचा फोन येतो. मी मराठीत बोलतो, ती अर्धे इंग्रजीत.

"बाबा, त्या फ्रायडेवाल्या बाई कशा आहेत?"

"बऱ्या असाव्यात."

"असाव्यात म्हणजे? यू हॅव नेव्हर सीन हर?"

"त्यांना आवडत नाही."

"बाबा, यू आर फीडिंग अ डोअर."

"डबा धुऊन परत येतो. म्हणजे आत माणूस आहे."

"ऑर अ व्हेरी क्लीन डॉग."

"कुत्रा मेला आहे."

"ओके, दॅट्स वर्स." ती हसली, मग हसणे थांबवून म्हणाली, "एकदा आवाज तरी द्या ना. मी रोज बघते इथे. लोक म्हणतात, आम्ही फाइन आहोत. तोपर्यंत म्हणतात, जोपर्यंत म्हणता येतं."

"त्यांनी स्वतः रेडिओवर सांगितलंय, की दारात कुणी नको."

"तुमच्या रेडिओवर," ती म्हणाली, आणि विषय बदलला.

मार्च संपेपर्यंत ताटात आणखी वस्तू आल्या. चष्म्याची एक काडी. कंगव्याचा तुटका तुकडा, दातांत पांढरे केस अडकलेले. एक बटण, त्याला दोरा लोंबत होता आणि दोऱ्याच्या टोकाला कापडाची चिंधी. बटण शिवणीच्या डब्यातले नव्हते, अंगावरच्या कपड्याचे उपटलेले होते. हे मी पाहिले. पाहिले आणि ताटात कंगव्याच्या शेजारी ठेवले.

आमच्या गल्लीत नागपूरकडची एक तरुणी राहते; मोठ्या कंपनीत नोकरी करते, आणि पत्नी गेल्यापासून मधूनमधून माझी चौकशी करते. ती माझे एक पातेले परत द्यायला आली.

"रिकामं आणलं नाही हां, काका. चिवडा आहे." मग तिचे लक्ष ताटाकडे गेले. "हे काय? रुखवत मांडलंय का?"

"शुक्रवारच्या बाईंकडून आलेल्या वस्तू आहेत."

तिने वाकून पाहिले. हात लावला नाही.

"काका, या काही देण्यासारख्या वस्तू नाहीत. या... हाताला लागतील तशा उचलल्यासारख्या वाटतात."

"तुला कशावरून कळलं?"

"काही नाही यार... सॉरी, काका, सवय झालीय. पण तुम्ही हे ताट जेवायच्या टेबलावर नका ठेवू. माझ्या अंगावर काटा आला."

मी ताट उचलून कपाटावर ठेवले. तिच्या सांगण्यावरून एवढेच केले.

पुढच्या शुक्रवारी डब्यात गालिच्यातून उपटलेल्या धाग्यांची एक गाठ होती. त्याच्या पुढच्या शुक्रवारी डबा उचलला तेव्हा तो पुन्हा रिकामा वाटला. उघडला, तर तळाशी नखाएवढे, पांढरे, किंचित वळलेले काहीतरी होते. मला वाटले, वाळलेले पान. मीच पान चालेल असे लिहिले होते. चार महिन्यांनी का होईना, त्यांनी पान पाठवले, याचे मला समाधान वाटले. घरी येऊन ताटात ठेवताना ते बोटाखाली मोडले. पान असे मोडत नाही. तो रंगाचा पोपडा होता.

आतला रेडिओ त्या दिवशी दाराच्या अगदी मागे होता. आणि खाली. आवाज जमिनीलगत येत होता, झडपेच्या उंचीवरून.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी पोचलो तेव्हा पायरीवर डबा नव्हता. असे कधी झाले नव्हते. मी नेहमी दोन डबे फिरवीत असे, एक आत आणि एक हातात. पेकनच्या झाडावर काळे ग्रॅकल पक्षी कर्कश ओरडत होते. खालून निवेदक बोलत होता. विधेयक समितीतून बाहेर पडणार नाही अशी चिन्हे आहेत, असे तो म्हणत होता. मी गाडीचे दार उघडेच ठेवले होते. अर्ध्या मिनिटाने गाडी तेच म्हणाली.

मी हाक मारली. उत्तर आले नाही. दार वाजवले, डोक्याच्या उंचीवर, तीनदा. दार पोकळ वाजले, जसे दार वाजते. मग हात सवयीने खाली गेला. आयुष्यभर मी एकाच जागी ठोकून कधी थांबलो नाही. खांब वरपासून खालपर्यंत ठोकत यायचा असतो. कमरेच्या उंचीवर दार पोकळ वाजले. गुडघ्याच्या उंचीवर भरीव वाजले.

त्या दाराला आतून काहीतरी टेकलेले होते.

मी तिथेच वाकून उभा राहिलो आणि ताट माझ्या डोळ्यांपुढे आले, क्रमाने. पेकन अंगणातले. चिमटा धुण्याच्या खोलीतला. चहा आणि चुंबक स्वयंपाकघरातले. अंगुस्तान आणि रिमोट बैठकीच्या खोलीतल्या खुर्चीजवळचे. मग चष्मा, कंगवा, बटण: अंगावरचे. मग जमीन. मग दाराची आतली बाजू, जिथे हात पोचत होता. हे दार बाहेरून हिरवे आहे. पोपडा पांढरा होता. भेग पाच महिने एकाच दिशेने सरकत होती आणि मी दर आठवड्याला तिची नोंद घेऊन ती कपाटावर ठेवत होतो.

मी गुडघ्यांवर बसलो आणि झडप ढकलली. ती चार बोटे आत गेली आणि अडली. आतून टपालाच्या पाकिटांचा आणि माणसाचा कोंदट वास आला.

"एक मिनिट," आतून आवाज आला. बारीक, पण ताठ. "अजून सापडलं नाही."

"काय सापडलं नाही?"

"डब्यात घालायला."

रेडिओवर जाहिरात लागली होती.

"पान म्हणाला होतात तुम्ही," ती म्हणाली. "पान अंगणात आहे. अंगण दाराच्या पलीकडे आहे."

"तुम्ही पडला आहात का?"

"बुधवारी, उठायला गेले तेव्हा. त्याआधी सरकता येत होतं."

"मी फोन करतो."

"नाही. मी रेडिओवर सांगितलं होतं. तुम्ही ऐकत असाल."

"ऐकलं होतं."

"मग?"

हा प्रश्न योग्य होता. मी तिच्या बाजूचा माणूस होतो. तिच्या आधी त्याच कार्यक्रमात तेच बोललो होतो. तिचे दार तिचे होते. ते उघडण्याचा अधिकार मला नव्हता आणि मी ज्यांना बोलावणार होतो त्यांनाही तो असू नये, असे मी चारचौघांत म्हटले होते. मी खिशातून फोन काढला आणि आणीबाणीचा नंबर, 911, लावला. पत्ता सांगितला. ती सर्व ऐकत होती. मी फोन ठेवल्यावर म्हणाली, "तुमची बायको असती तर तिनं आधी विचारलं असतं."

"तिनं पाच महिने आधी विचारलं असतं," मी म्हणालो.

"ती गेली ना?" तिने विचारले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"चवीवरून कळलं. ती मीठ जास्त घालायची." मग म्हणाली, "आज काय आहे?"

"खिचडी."

"पिवळा भात," ती म्हणाली. "तुमचा बरा असतो. तिचा चांगला असायचा."

मी झडपेच्या फटीतून दोन बोटे आत घातली. का घातली, ते सांगता येणार नाही. तिने ती धरली. तिची बोटे थंड होती आणि नखांखाली पांढरा रंग होता. निवेदक परत आला आणि शेजाऱ्यांचा तास सुरू झाला. कुणाला तरी कुंपण दुरुस्त करून हवे होते. आधी आत, मग मागे गाडीत. दोन्हीकडून माझ्यावर तेच शब्द येत होते आणि मला जागचे हलता येत नव्हते.

अग्निशमन दलाची माणसे आली. ती मागच्या दाराचे कुलूप तोडून आत गेली. तिला स्ट्रेचरवरून बाहेर आणले तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिले. ती फार लहान होती. सदऱ्याला वरून खालपर्यंत एकही बटण नव्हते. पुढून कापड मुठीत धरलेले होते. मला एकच बटण आले होते. बाकीची तिने पुढच्या शुक्रवारांसाठी राखून ठेवली असावीत आणि ती कुठेतरी घरंगळली असावीत. तिने माझ्याकडे पाहिले.

मागच्या दाराने एक जवान मला आत घेऊन गेला; काही नातेवाइकांचे नंबर दिसतात का, पाहायचे होते. दिसले नाहीत. स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंत गालिच्यावर एक गुळगुळीत पट्टा उमटला होता, पाऊलवाटेसारखा. दाराशी उशी, चादर, रेडिओ, आणि माझा डबा, पुसलेला. दाराच्या आतल्या अंगाला, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत, पांढरा रंग निघून लाकूड उघडे पडले होते. एका पोपड्यासाठी एवढे खरवडावे लागत नाही. तिने बरेच काढले होते आणि त्यांतला चांगला दिसेल तो निवडून पाठवला होता.

विधेयक समितीतच संपले. माझे मत बदललेले नाही. अनोळखी अधिकाऱ्याने दार उघडून आत यावे, हे मला आजही मान्य नाही. पण त्या कार्यक्रमाचे अर्धेच म्हणणे मी ऐकत होतो. राज्याने उंबरठ्याबाहेर थांबायचे असेल तर शेजाऱ्याने आत जायचे असते. मी शेजारी नव्हतो. मी डबा पोचवत होतो, आणि त्या बदल्यात दर आठवड्याला त्या बाईंकडून काहीतरी मागत होतो.

हेच मी पुढे एका शुक्रवारी फोन करून त्या कार्यक्रमात सांगितले. नाव घेतले नाही. चिठ्ठीचेही सांगितले. निवेदक नेहमीप्रमाणे "वेल सेड" म्हणाला नाही. मी फोन ठेवला.

त्या बाई आता एका शुश्रूषागृहात आहेत. खुब्याचे हाड जुळले. पाय मात्र चालता झाला नाही. मी शुक्रवारी डबा नेतो. पहिले तीन शुक्रवार त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या शुक्रवारी मी ते ताट नेले आणि त्यांच्या पलंगावर ठेवले. त्यांनी एकेक वस्तू उचलून पाहिली. चष्म्याची काडी आणि अंगुस्तान ठेवून घेतले. पोपड्याचे दोन तुकडे मला परत दिले.

"हे माझे नाहीत," त्या म्हणाल्या. "दाराचे आहेत."

मागच्या शुक्रवारी मी गेलो तेव्हा त्यांचा जुना रेडिओ उशाशी चालू होता. खोलीत तो एकच आवाज होता. मी भरलेला डबा ठेवला. त्यांनी आधीच्या आठवड्याचा डबा मांडीवरून उचलला, झाकण काढले आणि आतली बाजू माझ्याकडे वळवून धरली. डबा घासलेला, कोरडा आणि रिकामा होता. मी नीट पाहावे म्हणून त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

मी पाहिले. झाकण लावले आणि डबा पिशवीत घातला.